मागच्या माणसासाठी दिवा



मोटारीला लहानमोठे अनेक दिवे असतात. त्यांतील पुढचे दिवे चालकाला वाट दाखवितात. परंतु एक दिवा असा आहे की, ज्याच्या पायाने तो पेटतो त्याला तो कधीच दिसत नाही. तो म्हणजे ब्रेकचा दिवा. हा दिवा सर्वस्वी दुसऱ्यासाठी असतो. म्हणूनच त्याच्याकडे मालकाचे सहसा लक्ष जात नाही.

माझ्या मामांकडे १९६८ सालची फियाट ११०० आहे. एका संध्याकाळी आम्ही तिच्यातून पणजीहून फोंड्याला निघालो होतो. बाणस्तारीचा पूल मागे पडला आणि रस्त्यात अकस्मात एक म्हैस आडवी आली. मामांनी ब्रेक दाबला. त्याच क्षणी मागे करकचून आवाज झाला. एक तरुण स्कूटरस्वार आमच्या गाडीपासून हातभर अंतरावर कसाबसा थांबला होता. तो भेदरून म्हणाला, "काका, तुमचा दिवा लागलाच नाही!" मामा म्हणाले, "असे कसे होईल? कालच मी बल्ब बदलला आहे!" आम्ही उतरून पाहिले. दिवा लागत होता. पण तो दिसत नव्हता. दोघेही खरेच बोलत होते.

मी कलाशाखेचा पदवीधर. यंत्रविद्येचा मला फारसा गंध नाही. परंतु "लागणे" आणि "दिसणे" यांतील हा भेद मला स्वस्थ बसू देईना. तेव्हा एका अनुभवी मेस्त्रींकडून आणि काही वाचून जे समजले, ते येथे सांगतो.

मावळतीचा सूर्य आमच्या पाठीशी होता. त्याचे ऊन मागच्या लाल काचेवर पडून ती काच आधीच चमकत होती. ब्रेक लागल्याची खूण पटते ती दिव्याच्या तेजामुळे नव्हे, तर तेजात पडणाऱ्या फरकामुळे. फरक लहान असला की डोळा फसतो. जुन्या गाड्यांत पुष्कळदा एकाच बल्बात दोन तारा असतात. रात्रभर जळणारी सुमारे ५ वॅटची आणि ब्रेक लागताच पेटणारी सुमारे २१ वॅटची. काच मुळात लहान, त्यात वयाचे दोष. मग हा फरक उन्हात लोपून जातो.

वयाचे दोष प्रामुख्याने तीन. पहिला काचेचा: ती उन्हाने फिकट होते आणि आतून धुळीने माखते. दुसरा परावर्तकाचा. बल्बामागच्या चकचकीत वाटीचा मुलामा उडाला, की निम्मा उजेड दिव्याच्या पोटातच जिरतो. तिसरा दोष सर्वांत लबाड, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. बल्बातून गेलेली वीज गाडीच्या पत्र्यातूनच बॅटरीकडे परतते. यालाच अर्थिंग म्हणतात. आपल्या गोमंतकाच्या खाऱ्या, दमट हवेत तेथे गंज चढतो आणि विजेची वाट अडते. मामांच्या गाडीत ब्रेक दाबून मोजले, तेव्हा बॅटरीपाशी १२.५ व्होल्ट, तर बल्बापाशी अवघे १०.५! तुम्ही म्हणाल, दोनच व्होल्ट गेले. परंतु तापलेल्या तारेचा उजेड दाबाच्या मानाने फार वेगाने घटतो. दाब सहाव्या हिश्शाने उतरला, तर उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो.

म्हणून उपायांचा क्रमही ठरलेला आहे. नवे काही विकत घेण्यापूर्वी गेलेले परत मिळवावे. काच साबणाच्या पाण्याने धुवावी, फिकट झाली असल्यास बदलावी. वाटीला पुन्हा मुलामा द्यावा. ते न जमल्यास निदान चकचकीत रुपेरी रंग द्यावा. गंज खरवडून अर्थिंगची नवी तार जोडावी. मामांच्या दिव्यात एवढ्यानेच पालट झाला.

त्यानंतर एलईडी बल्बाचा विचार करावा. त्याचा एक गुण मोलाचा आहे. साध्या बल्बाची तार तापून पूर्ण तेजाला येण्यास सेकंदाचा सुमारे पाचवा भाग लागतो. एलईडी तत्क्षणी पेटतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारे वाहन तेवढ्या अवधीत तीन मीटरांहून अधिक पुढे येते. तो तरुण आमच्यापासून किती अंतरावर थांबला होता, ते आठवा! मात्र लाल काचेमागे लालच एलईडी घालावा. पांढऱ्यात लाल किरणांचे प्रमाण कमी असल्याने काच त्याचा बराच उजेड अडविते. बल्बाचा प्रकाश वाटीवर सर्वत्र पसरला पाहिजे, आणि त्याच्या मंद व प्रखर तेजांत ठळक अंतर हवे. काही जुन्या इंग्रजी गाड्यांत बॅटरीचे धन टोक पत्र्याला जोडलेले असते. तेथे त्या जोडणीस चालणाराच एलईडी घ्यावा.

शेवटचा उपाय तिसऱ्या दिव्याचा. जॉन व्होएव्होड्स्की या मानसशास्त्रज्ञाने सान फ्रान्सिस्कोतील ३४३ टॅक्सींच्या मागे मध्यभागी एक जादा दिवा बसविला. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रयोगात मागून होणाऱ्या टकरी सुमारे ६० टक्क्यांनी घटल्या. पुढे अमेरिकेत १९८६ च्या नमुन्यापासून प्रवासी मोटारींना असा उंचावरचा दिवा सक्तीचा झाला. त्याची नवलाई ओसरल्यावर लाभही ओसरला. १९९८ च्या सरकारी अहवालात तो ४.३ टक्के दिला आहे. तरीही लाखो वाहनांच्या हिशेबात ही घट क्षुल्लक नव्हे. जुन्या गाडीच्या मागच्या काचेआतून असा छोटा दिवा, पत्र्याला भोक न पाडता, बसविता येतो. मामांनी तो बसविला आहे.

आता दर महिन्याला भर दुपारी मामा गाडीत बसून ब्रेक दाबतात आणि मी चाळीस पावले मागे उभा राहून "दिसला!" असे ओरडतो. ही परीक्षा एकट्याने देता येत नाही; कारण आपला दिवा दिसतो की नाही, हे दुसराच सांगू शकतो. बालमित्रांनो, आज घरी गेल्यावर वडिलांच्या स्कूटरमागे किंवा मोटारीमागे उभे राहा, आणि त्यांना ब्रेक दाबायला सांगा.