कल्हई, डाख आणि खेळण्यांतील मोटार



माझ्या लहानपणीं, म्हणजे १९७० च्या सुमारास, अहमदपुरांत दिवाळीच्या आधीं कल्हईवाला येऊन लिंबाच्या झाडाखालीं आपला भाता मांडीत असे. पितळेचें पातेलें घासून निखाऱ्यांवर तापवावयाचें, त्यांत चिमूटभर नवसागर टाकावयाचा, आणि पांढरा धूर उठतांच कथलाची कांडी आंतून टेकवावयाची. कापसाचा बोळा फिरला कीं पातेलें चांदीसारखें लखलखूं लागे. आम्हां पोरांस ती जादू वाटे. विजेच्या तारांस डाख देणें, ज्यास मुलें आज सोल्डरिंग म्हणतात, तें ह्याच विद्येचें धाकटें भावंड होय.

तापलेल्या धातूवर हवेमुळें ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, आणि पापुद्र्यावर कथील बसत नाहीं. नवसागर तापला कीं त्यांतून निघणारा आम्लवायु तो पापुद्रा खाऊन टाकतो. तारेच्या कामीं हेंच कार्य राळ करिते. बाजारांत मिळणाऱ्या डाखाच्या तारेच्या पोटांत ती भरलेलीच असते. येथें नवसागर मात्र वापरूं नये. मागें उरलेला क्षार बारीक तांब्याची तार हळूहळू खातो.

एकटें कथील २३२ अंशांवर वितळतें, शिसें ३२७ अंशांवर. परंतु ६३ भाग कथील व ३७ भाग शिसें एकत्र केलें तर मिश्रण १८३ अंशांसच पाणी होतें! वर्गांत हें सांगितलें म्हणजे मुलांचा विश्वास बसत नसे.

आतां मुख्य मुद्दा, आणि तो मीं स्वतः उशिरा शिकलों. एका विज्ञान प्रदर्शनांत आमच्या आठवीच्या विद्यार्थ्याचा पंखा परीक्षकांसमोरच बंद पडला. जोडावरील डाख मण्यासारखा गोल होता आणि नखानें उचलला गेला. त्यानें टोकावर डाख वितळवून तो थंड तारेवर ठिबकविला होता. त्यास तसें मींच शिकविलें होतें. पोर रडलें नाहीं. मलाच त्या रात्रीं झोप आली नाहीं.

तापवावयाचा तो जोड, डाख नव्हे. पंचवीस वॅटचें सोल्डरिंग आयर्न पुरतें. टोक ओल्या स्पंजावर पुसावें व त्यास किंचित् डाख पाजावा. तें तार आणि पट्टी ह्या दोन्हींस एकदम टेकवून दोन-तीन सेकंद थांबावें, आणि डाख पलीकडील बाजूनें जोडासच लावावा. तो आपण होऊन पसरला कीं आधीं डाख, मग टोक दूर करावें. थिजेपर्यंत तार हलवूं नये, फुंकरही घालूं नये. चांगल्या जोडाच्या कडा उतरत जाऊन धातूंत मिसळलेल्या दिसतात. शिसें नसलेला डाख मुळांतच कांहींसा मंद दिसतो व अधिक उष्णता मागतो. युरोपांत २००६ पासून बहुतेक विद्युत्-उपकरणांत तोच वापरावा लागतो.

लहान मोटारीच्या पट्ट्या प्लास्टिकांत बसविलेल्या असतात. टोक रेंगाळलें कीं प्लास्टिक मऊ होऊन आंतील ब्रश सरकतो आणि मोटार कायमची अडते. म्हणून पट्टी व तार ह्यांस आधीं वेगवेगळा डाख पाजून ठेवावा. मग क्षणभर टेकवितांच दोन्ही जुळतात. ह्या ब्रशांतून ठिणग्या उडतात, आणि जवळच्या रेडिओवर खरखर होते. आमचें हें भाषण चालू असतां घरांत कोणी खेळण्यांतील मोटार फिरविली तर प्रत्यय येईल. दोन्ही पट्ट्यांच्या मध्यें ‘१०४’ असा आंकडा असलेला सिरॅमिक कपॅसिटर जोडला म्हणजे ती पुष्कळ कमी होते.

विजेरीच्या घटास मात्र डाख देऊंच नये. घट खोबणींत बसवून खोबणीच्या तारांस द्यावा. जुन्या मोबाईलमधून काढलेल्या लिथियमच्या घटाविषयीं तर मुलांस निक्षून सांगावें. उष्णतेनें त्यांतील पातळ पडदा वितळला तर आंतल्या आंत दोन्ही ध्रुव भिडून घट पेट घेतो.

डाख देतांना निघणारा धूर राळेचा असतो. तो छातीस वाईट, म्हणून खिडकी उघडी असावी. शिसें एवढ्या उष्णतेनें उडत नाहीं, पण बोटांस लागतें आणि भाकरीबरोबर पोटांत जातें. तेव्हां काम संपतांच साबणानें हात धुवावे. दोन्ही हात गुंतले म्हणजे डाखाची तार दांतांत धरण्याची मुलांस खोड असते. त्यांस वाळत घातलेल्या कपड्यांचा एक चिमटा द्यावा. जोडावयाची तार त्यांत धरली कीं एक हात मोकळा राहतो.