जुना डन्जन, नवे नियम: एडिशन बदलताना नेमकं काय बदलायचं?

एपिसोड ऐकला असेल तर हा त्याचाच लेखी अवतार आहे, थोडा झाडून-पुसून. ऐकला नसेल तरी चालेल, सगळं इथे आहेच. आकडे बरेच आहेत, त्यामुळे बसमध्ये उभं राहून ऐकण्यापेक्षा हे वाचणं सोपं जाईल.

विषय असा. डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्या प्रत्येक ग्रुपमध्ये कधी ना कधी कुणीतरी जुनं मॉड्यूल घेऊन येतं. मॉड्यूल म्हणजे तयार साहसकथा: नकाशा, खोल्या, राक्षस, खजिना, सगळं एका पातळ पुस्तिकेत. आणि मग प्रश्न येतो, 'हे फिफ्थ एडिशनमध्ये कसं चालवायचं?' बहुतेक नवीन डीएम आकड्यांचं कोष्टक शोधायला लागतात. आकडे हा त्यातला सोपा भाग आहे. अवघड भाग वेगळाच आहे, तिथे येऊच.

आधी थोडं मागे जाऊ

डी अँड डी पहिल्यांदा छापून आलं १९७४ मध्ये, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचं. कंपनी होती टीएसआर, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातली. १९९७ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्टने टीएसआर विकत घेतली, २००० मध्ये थर्ड एडिशन आली, २०१४ मध्ये फिफ्थ, आणि २०२४ मध्ये फिफ्थचीच सुधारलेली आवृत्ती. खाली फिफ्थचे जे आकडे देतोय ते २०१४ च्या पुस्तकांतले आहेत.

उदाहरणासाठी एकच मॉड्यूल धरू: गायगॅक्सचं 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स'. बेसिक सेटच्या डब्यातच ते मिळायचं, म्हणून हजारो लोकांचा पहिला डन्जन हाच. सरहद्दीवरचा एक किल्ला, आणि जवळच्या दरीत गुहाच गुहा. प्रत्येक गुहेत वेगळी टोळी: कोबोल्ड, ऑर्क, गॉब्लिन, एक ओगर, आणखी बरेच. सहा ते नऊ पात्रांसाठी लिहिलेलं. आज आपल्या टेबलावर चारच जण असतात, ही पहिली गोष्ट लक्षात ठेवा.

आकडे: अर्धं जुनं, अर्धं नवं नको

जुन्या नियमांत आर्मर क्लास, म्हणजे एसी, उलटा चालायचा. जितका कमी, तितकं चिलखत भारी. नव्यात सरळ आहे, जास्त म्हणजे चांगला. त्यामुळे सगळ्यात प्रसिद्ध फॉर्म्युला म्हणजे २० मधून जुना एसी वजा करा. ऑर्कचा जुना एसी ६, म्हणजे नवा १४. फिफ्थच्या पुस्तकात ऑर्क १३ आहे. जवळपास जमलं.

आता ओगर घ्या. जुना एसी ५, फॉर्म्युल्याने १५. पण फिफ्थचं पुस्तक म्हणतं ११! आणि एचपी? जुन्या ओगरचे सरासरी १९, नव्याचे ५९. म्हणजे त्याला मारणं सोपं झालं की अवघड?

हिशोब करून बघू. बेसिक नियमांतला पहिल्या लेव्हलचा फायटर, हातात साधी तलवार. एसी ५ ला लागण्यासाठी त्याला फाशावर १४ किंवा जास्त हवेत, म्हणजे ३५ टक्के संधी. एक वार सरासरी ४.५ डॅमेज. ओगर पाडायला ढोबळमानाने १२ वेळा तलवार फिरवावी लागते.

फिफ्थमधला फायटर: हल्ल्याला अधिक ५, डॅमेज सरासरी ७.५. एसी ११ ला लागायची संधी ७५ टक्के. ५९ एचपी संपवायला साधारण १० ते ११ वार. म्हणजे ओगर जवळजवळ तितकाच चिवट राहिला! फरक इतकाच की जुन्यात वार सारखे हुकायचे, नव्यात लागतात पण राक्षस उभा राहतो. डिझायनर लोकांनी हे मुद्दाम केलंय. हुकलेल्या फाशात मजा नसते.

आता फॉर्म्युला लावून एसी १५ केला आणि एचपी जुनेच १९ ठेवले तर? चार-पाच वारांत ओगर आडवा. आणि एसी १५ करून एचपी नवे ५९ घेतले तर १४ वार, भांडण संपतच नाही. दोन्ही बाजूंनी वाट.

म्हणून पहिला नियम: राक्षस कन्व्हर्ट करू नका, बदला. मॉड्यूलमध्ये 'ओगर' लिहिलंय ना? नव्या पुस्तकातला ओगर अख्खा उचला आणि ठेवा. एखादा राक्षस नव्या पुस्तकात नसेलच तर त्याच्या ताकदीचा दुसरा घ्या आणि वर्णन जुनं ठेवा. प्रोग्रामर मंडळींना सांगायचं तर, जुना कोड ओळीओळीने भाषांतरित करू नका. त्याचं काम काय होतं ते बघा आणि नव्या लायब्ररीतलं फंक्शन वापरा.

विष म्हणजे मरण?

जुन्या मॉड्यूलमध्ये एक वाक्य जागोजागी भेटतं: सेव्हिंग थ्रो चुकला तर मृत्यू. अ‍ॅडव्हान्स्ड नियमांत पहिल्या लेव्हलच्या फायटरला विषाविरुद्ध १४ किंवा जास्त लागायचे. म्हणजे ६५ टक्के वेळा खेळ खलास. मोठा कोळी चावला, फासा पडला, नवीन कॅरेक्टर शीट काढा.

फिफ्थचा मोठा कोळी वेगळा वागतो. कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, डीसी ११. चुकला तर सरासरी ९ विषाचं डॅमेज, जमला तर निम्मं. त्या विषाने शून्यावर गेलात तरी मरत नाही, तासभर लुळे पडता.

जुन्यात पाच प्रकारचे सेव्ह होते: विष, दगड होणं, कांडी, श्वास, मंत्र असे. आणि आकडा ठरायचा वाचणाऱ्याच्या लेव्हलवरून. नव्यात सहा अ‍ॅबिलिटींवरून सेव्ह होतात आणि डीसी ठरतो हल्ला किती जोरदार आहे त्यावरून. त्यामुळे सरळ कोष्टक बनत नाही. विष आणि शरीरावरचे परिणाम कॉन्स्टिट्यूशनला, आगीचा श्वास आणि सापळे डेक्स्टेरिटीला, मनावर ताबा विझडमला. डीसी सोप्यासाठी १०, मध्यमसाठी १३, घातकसाठी १५. एवढ्यावर बहुतेक काम भागतं.

पण 'मरण' काढून नुसतं '९ डॅमेज' लिहिलंत तर भीती गेली. तिथे परिणाम ठेवा: लुळेपणा, आंधळेपणा, एखादा शाप जो झोपून उठल्यावर जात नाही. खेळाडूने कोळ्याच्या जाळ्याकडे बघून पाय मागे घ्यायला हवा. तो पाय मागे येणं, हीच त्या खोलीची खरी किंमत होती.

वीस कोबोल्डांची खोली

'बॉर्डरलँड्स'मध्ये काही खोल्यांत राक्षसांची अख्खी वस्ती आहे. समजा तुम्ही एका खोलीत २० कोबोल्ड ठेवले. फिफ्थमध्ये एका कोबोल्डचे २५ एक्सपी, वीसांचे ५००. पंधरा किंवा जास्त शत्रू असतील तर २०१४ चं डन्जन मास्टर्स गाइड अवघडपणा मोजताना चारने गुणायला सांगतं, म्हणजे २०००. पहिल्या लेव्हलच्या चार पात्रांसाठी 'डेडली'ची सीमा आहे ४००. पाचपट! शिवाय नव्या कोबोल्डांना पॅक टॅक्टिक्स आहे, शेजारी साथीदार असला की हल्ल्याला अ‍ॅडव्हांटेज. ही लढाई होत नाही, अंत्ययात्रा होते.

मग जुने लोक कसे वाचायचे? एक तर ते जास्त होते, सोबत भाड्याचे सैनिकही घ्यायचे. दुसरं, प्रत्येक भेट म्हणजे लढाई असं गृहीतच नव्हतं. बेसिक नियमांत समोरासमोर आल्यावर डीएम दोन फासे टाकायचा. २ आले तर थेट हल्ला, १२ आले तर चक्क दोस्ती, मध्ये शत्रुत्वापासून गोंधळापर्यंत वेगवेगळ्या प्रतिक्रिया. आणि १९८१ च्या बेसिकमध्ये प्रत्येक राक्षसाला मोराल, म्हणजे हिंमत, असायची. कोबोल्डची ६. पहिला साथीदार पडला की दोन फासे, ६ पेक्षा जास्त आले की पळ. म्हणजे ५८ टक्के वेळा टोळी पहिल्याच मढ्यावर पांगायची.

हे दोन छोटे नियम मॉड्यूलच्या पानावर दिसत नाहीत, कारण ते नियमपुस्तकात होते. तुम्ही फक्त पान कन्व्हर्ट करता आणि तो अदृश्य आधार मागेच राहतो. म्हणून दुसरा नियम: फासे दोन, हिंमत आणि पहिली भेट, हे दोन्ही सोबत आणा. फिफ्थमध्ये काही न मोडता ते बसतात.

आता अवघड भाग: बक्षीस कशाला?

हा भाग नीट वाचा, कारण बहुतेक कन्व्हर्जन इथेच फसतात.

जुन्या डी अँड डीमध्ये एक सोन्याचं नाणं बाहेर आणलं की एक एक्सपी. बेसिकमध्ये एक ऑर्क मारला तर मिळायचे फक्त १० एक्सपी, तेही सगळ्यांत वाटून. फायटरला दुसरी लेव्हल गाठायला २००० हवेत. आता तुम्हीच सांगा, हुशार खेळाडू काय करेल? मारामारी टाळेल. चोरवाट शोधेल, ऑर्कांना गॉब्लिनांशी भिडवेल, रात्री खजिना उचलेल आणि पळेल. गुहांमध्ये इतक्या टोळ्या शेजारी-शेजारी ठेवल्यात त्या त्यासाठीच.

फिफ्थमध्ये एक्सपी मुख्यतः राक्षस हरवून मिळतात. ऑर्कचे १००, आणि दुसऱ्या लेव्हलला ३०० पुरतात. नकाशा तोच, राक्षस तेच, पण आता प्रत्येक खोली म्हणजे पगार. खेळाडू दारं फोडत सुटतात. मग डीएम म्हणतो, 'जुनी मॉड्यूलं कंटाळवाणी, नुसती मारामारी.' अरे, मारामारी तर बक्षिसाने आणली!

यावर उपाय दोन. पहिला, सोन्याला एक्सपी द्या, पण एकास एक नाही, नाहीतर दोन सेशनमध्ये सगळे पाचव्या लेव्हलला. जुन्या फायटरला २००० आणि ४००० लागायचे, नव्याला ३०० आणि ९०० लागतात. म्हणजे साधारण पाच नाण्यांना एक एक्सपी ठीक बसतं. राक्षसांचे एक्सपी मग अगदी कमी ठेवा. दुसरा उपाय, माइलस्टोन: कैदी सोडवले, दोन टोळ्यांत फूट पाडली, दरीचं रहस्य कळलं, की लेव्हल. कसं केलं ते खेळाडूंवर सोडा.

विश्रांतीचंही तसंच. जुन्यात झोपून दिवसाला एखादा एचपी परत यायचा. फिफ्थमध्ये आठ तास झोपलं की सगळे परत. त्यामुळे गुहेत दार लावून झोपणं महाग करा: भटके राक्षस येतात, टोळ्या सावध होतात, खजिना हलवला जातो. पूर्ण विश्रांती फक्त किल्ल्यात, असा साधा नियम केलात तर किल्ल्यालाही अर्थ येतो.

फासा की डोकं?

'टूम ऑफ हॉरर्स' हे गायगॅक्सचंच, १९७५ मध्ये ओरिजिन्स कन्व्हेन्शनच्या टूर्नामेंटसाठी केलेलं, १९७८ मध्ये छापलेलं. त्यात एका भिंतीवर हिरव्या सैतानाचं तोंड आहे, आतमध्ये गडद काळोख. त्यात शिरलात की संपलात, कारण तो काळोख म्हणजे सगळं नष्ट करणारा गोळा. स्पॉयलर दिला, पण चाळीस वर्षं उलटून गेली आहेत, माफ करा.

तिथे काठी आत घालून बघणारा खेळाडू वाचायचा. फिफ्थमध्ये तोच खेळाडू म्हणतो, 'इन्व्हेस्टिगेशन, १८ आले.' आणि डीएम सांगून टाकतो, 'हा सापळा आहे.' कोडं संपलं. म्हणून कोड्याच्या खोल्यांत आधी विचारा, 'नेमकं काय करतोस? कुठे हात लावतोस?' वर्णन बरोबर असेल तर फासा मागूच नका. फासा फक्त जिथे वर्णनाने निकाल लागत नाही तिथे.

कंपनीने स्वतः काय केलं?

१९८३ चं 'रेव्हनलॉफ्ट', ट्रेसी आणि लॉरा हिकमन या जोडप्याचं, ३२ पानांचं होतं. २०१६ मध्ये त्याचंच 'कर्स ऑफ स्ट्राड' झालं, अडीचशेहून जास्त पानांचं. पण एक गोष्ट त्यांनी हलवली नाही: पत्त्यांनी भविष्य सांगणं. पत्ते पिसायचे, आणि महत्त्वाच्या वस्तू कुठे लपल्यात ते त्यावरून ठरतं. दर वेळी वेगळा खेळ. आकडे सगळे बदलले, काळीज ठेवलं.

आणि एक गोष्ट त्यांना नंतर बदलावी लागली. त्यातले भटके विस्तानी लोक युरोपातल्या रोमा समाजाबद्दलच्या जुन्या पूर्वग्रहांवर बेतलेले होते. २०२० मध्ये कंपनीने तो मजकूर सुधारला. 'बॉर्डरलँड्स'च्या गुहांतही राक्षसांची बायका-मुलं आहेत, आणि त्यांचं काय करायचं हे मॉड्यूल टेबलावर सोडून देतं. हा प्रश्न सेशनच्या मध्यात उगवला तर मूड जातो, कधी ग्रुपही फुटतो. आधीच ठरवा: ती मुलं गुहेत नाहीतच, किंवा आहेत आणि त्यामुळे ही टोळी शत्रू नसून शेजारी आहे. दुसऱ्या पर्यायाने गोष्ट जास्त रंगते, असं माझं मत.

स्क्रीनशॉट काढून ठेवा

१. मॉड्यूल एकदा पूर्ण वाचा आणि एका ओळीत लिहा: यात मजा कशाची आहे?
२. राक्षस नव्या पुस्तकातून अख्खे घ्या. संख्या टेबलावरच्या लोकांनुसार कमी करा.
३. सेव्ह चुकला की मृत्यू, तिथे डॅमेज अधिक टिकणारा परिणाम.
४. पहिल्या भेटीचे फासे आणि हिंमत, दोन्ही आणा.
५. बक्षीस सोन्याला किंवा ध्येयाला, मढ्यांना नाही.
६. विश्रांती महाग करा.
७. कोड्यांत आधी वर्णन, मग फासा.

शेवटचं, पैशांबद्दल. फिफ्थचे मूळ नियम, एसआरडी नावाने, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली फुकट आहेत. ओगर, कोबोल्ड, कोळी सगळे त्यात सापडतील, आणि मोबाइलवर पीडीएफ उघडते. जुन्या मॉड्यूलच्या पीडीएफ डीएम्स गिल्डवर अधिकृतपणे विकत मिळतात. आपल्या टेबलासाठी हवे तेवढे बदल करा, फक्त जुन्या पुस्तकाचा मजकूर उचलून स्वतःच्या नावाने विकायला जाऊ नका.

तुम्ही एखादं जुनं मॉड्यूल चालवायला घेतलंत तर नंबर एकची ती एक ओळ मला नक्की लिहून पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर फासे सांभाळा, आणि हिरव्या तोंडात डोकं घालू नका!