विश्लेषण : ड्रोन पायलटचा परवाना पाच दिवसांत, पण फवारणी शिकवणार कोण?

दहावी पास, वय १८ ते ६५ आणि प्रशिक्षणाचे शुल्क भरण्याची तयारी. शेतीतला ड्रोन पायलट होण्यासाठी कागदोपत्री एवढे पुरते. ऐन खरिपात फवारणीला माणूस मिळत नाही, त्यामुळे या कोर्सकडे गावातली तरुण मुले-मुली वळत आहेत. मात्र परवाना मिळणे वेगळे आणि दुसऱ्याच्या उभ्या पिकावर औषध मारण्याइतके तयार होणे वेगळे.

परवाना कसा मिळतो?

ड्रोन नियम २०२१ नुसार नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची (डीजीसीए) मान्यता असलेल्या संस्थेतच प्रशिक्षण घ्यावे लागते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात असे केंद्र आहे, खासगी संस्थाही आहेत. प्रमाणपत्र दहा वर्षे चालते. पासपोर्टची अट २०२३ मध्ये गेली. मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड किंवा वाहन परवाना पुरतो.

मेख आहे ती वजनाच्या वर्गात. लग्नाचे शूटिंग करणारे ड्रोन सहसा दोन किलोच्या आतले, म्हणजे ‘मायक्रो’ किंवा त्याहून लहान. दहा लिटर टाकीचा फवारणी ड्रोन मात्र २ ते २५ किलोच्या ‘स्मॉल’ वर्गात येतो. फक्त मायक्रोचे प्रमाणपत्र घेऊन तो उडवता येत नाही. पैसे भरण्याआधी हे विचारलेलेच बरे.

पाच दिवसांत काय राहून जाते?

शेती! नियम, हवामान, सिम्युलेटर आणि मोकळ्या मैदानावरचे उड्डाण यात हे दिवस संपतात. प्रत्यक्ष रानात विजेच्या तारा असतात, बांधावर बाभळी असतात आणि वारा सांगून येत नाही.

खरी अडचण औषधाच्या गणितात आहे. समजा, एकरी १०० मिली औषध मारायचे आहे. पाठीवरच्या पंपाने साधारण २०० लिटर पाणी लागते, म्हणजे लिटरला अर्धा मिली. ड्रोनने तेच औषध दहा लिटरमध्ये जाते, म्हणजे लिटरला दहा मिली. द्रावण वीसपट तीव्र! ड्रोन जास्त उंचीवर गेला, नोझल चुकीचे बसले किंवा वारा वाढला, तर हेच थेंब शेजारच्या पिकावर जातात. तणनाशकाची टाकी न धुता कपाशीवर कीटकनाशक मारले, तर कपाशीच करपण्याची भीती.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले होते. ड्रोनमुळे माणूस फवाऱ्यापासून लांब राहतो, हे खरेच. पण टाकी भरणाऱ्याचा हात त्या तीव्र द्रावणाजवळच असतो. हातमोजे, मास्क यांचा सराव त्यासाठीच हवा.

सरकारी योजनेत किती दिवस?

नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत महिलांसाठी १५ दिवसांचे प्रशिक्षण ठरले: पाच दिवस उड्डाणाचे आणि दहा दिवस खते-औषधांच्या फवारणीचे. उड्डाणाच्या दुप्पट वेळ शेतीला. केवळ पाच दिवसांचा कोर्स करणाऱ्याच्या वाट्याला हे दहा दिवस येत नाहीत.

मग काय करावे?

टाकीत पाणी भरून, उभ्या पिकावर किती उड्डाणे करायला मिळतील, हे प्रवेश घेतानाच विचारावे. नोझल, टाकीची धुलाई, बॅटरीची निगा शिकवतात का, तेही. उत्तर गोलमोल असेल, तर गावातल्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या किंवा अवजार बँकेच्या ड्रोनवर एक हंगाम मदतनीस म्हणून काढावा. औषध मोजणे, बॅटऱ्या बदलणे, बांधावर उभे राहून तारांकडे लक्ष ठेवणे, हे काम तिथे पहिल्या दिवसापासून हाती येते.