एका सहीचा अर्ज

कायदेमंडळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? मोठे सभागृह, बाके वाजवणारे सभासद, अध्यक्षांची घंटा आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातला ठळक मथळा. हे चित्र खोटे नाही. पण ओटी म्हणजे काही सगळे घर नव्हे. पाहुणे ओटीवर बसतात. घर चालते ते माजघरात. आज तुम्हाला असेच एक माजघर दाखवायचे आहे. ते आहे स्कॉटलंडमध्ये, एडिंबरा शहरातल्या पार्लमेंटात.

आता तुम्ही म्हणाल, स्कॉटलंड तर ब्रिटनचाच भाग. मग त्याला वेगळे पार्लमेंट कसे? पूर्वी स्कॉटलंडचे स्वतःचे पार्लमेंट होते. १७०७ साली इंग्लंडशी जोडणी झाली, ते बंद पडले आणि कारभार लंडनला गेला. पुढे जवळजवळ तीनशे वर्षांनी, ११ सप्टेंबर १९९७ रोजी, लोकांचा कौल घेण्यात आला. शंभरांत चौऱ्याहत्तर मते आपले पार्लमेंट हवे, अशी पडली. १९९८ साली लंडनच्या पार्लमेंटने तसा कायदा केला आणि १२ मे १९९९ रोजी नवे पार्लमेंट पहिल्यांदा भरले. सभासद १२९.

अधिकारांची वाटणीही पाहण्यासारखी आहे. आपल्या राज्यघटनेत केंद्राची, राज्यांची आणि दोघांची सामाईक अशा तीन याद्या आहेत. स्कॉटलंडच्या कायद्यात लंडनने स्वतःकडे काय ठेवले तेवढेच मोजून लिहिले आहे: संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, चलन वगैरे. यादीत जे नाही ते स्कॉटलंडचे. म्हणून शाळा, दवाखाने, शेती, मासेमारी, जंगले, न्यायालये हे सारे विषय एडिंबऱ्याला आले. माणसाच्या रोजच्या जगण्याचेच विषय म्हणा ना!

या पार्लमेंटचा आठवडा साधारण असा असतो. मंगळवार, बुधवार, गुरुवार हे बैठकीचे दिवस. सोमवारी आणि शुक्रवारी सभासद बहुधा आपापल्या मतदारसंघांत गाऱ्हाणी ऐकत असतात. गुरुवारी दुपारी बाराच्या सुमारास मुख्य मंत्र्यांना प्रश्न विचारतात. वर्तमानपत्रांत छापून येते ते बहुतेक तेवढेच. पण सकाळच्या वेळी समित्यांच्या खोल्यांत डोकवावे. एका टेबलाभोवती निरनिराळ्या पक्षांचे थोडेच सभासद बसलेले असतात. मध्ये समितीचा निमंत्रक. समोर साक्ष द्यायला आलेली माणसे: कधी शेतकरी, कधी शिक्षक, कधी डॉक्टर, तर कधी खुद्द मंत्री. तिथे भाषणबाजी चालत नाही. ‘तुमचा अनुभव काय?’, ‘हा आकडा कुठून आला?’, ‘हे कलम अमलात कसे आणणार?’ असे साधे प्रश्न असतात. बहुतेक बैठका उघड्यावर होतात आणि शब्दन् शब्द छापला जातो.

समित्यांना इतके महत्त्व का? कारण हे पार्लमेंट एकाच सभागृहाचे आहे. पहिल्या सभागृहाची चूक सुधारायला वर दुसरे सभागृह नाही. म्हणून चाळणी लावायची ती आधीच. सर्वसाधारण विधेयकाला तीन पायऱ्या चढाव्या लागतात. पहिल्या पायरीवर समिती साक्षी घेते आणि मूळ कल्पना बरी की वाईट याचा अहवाल देते; त्यावर सभागृह मत देते. दुसऱ्या पायरीवर कलमे एकेक करून तपासली जातात. तिसरीवर सारे सभागृह पुन्हा दुरुस्त्या पाहते आणि शेवटचा निर्णय करते. त्यानंतरही काही आठवडे मोकळे ठेवलेले असतात. पार्लमेंटने आपली हद्द ओलांडली असे वाटल्यास सरकारचे कायदा अधिकारी त्या मुदतीत सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतात. मुलांच्या हक्कांविषयीचे एक विधेयक २०२१ साली असेच अडले आणि दुरुस्त होऊन २०२३ च्या डिसेंबरात पुन्हा मंजूर झाले.

या माजघराला एक मागचे दारही आहे, आणि ते सामान्य माणसासाठी आहे. कोणीही पार्लमेंटकडे अर्ज करू शकतो. हजार सह्या लागत नाहीत. एक सही पुरते. अर्ज एका खास समितीपुढे जातो. ती सरकारकडून उत्तर मागवते आणि गरज वाटल्यास अर्जदाराला बोलावून घेते.

२०१४ साली असाच एक अर्ज आला. बाळंतपणानंतर काही बायकांचे अंग बाहेर येते, काहींचा लघवीवर ताबा राहत नाही. त्यावर उपाय म्हणून पोटात प्लास्टिकची बारीक जाळी बसवत असत. पुष्कळ जणींना तिचा त्रास झाला नाही. पण काहींच्या शरीरात ती रुतली. चालणे, बसणे अवघड झाले. डॉक्टरांना सांगावे तर ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असे ऐकावे लागे. घरातल्या माणसांपुढेही जे बोलायला जीभ रेटत नाही, ते या बायकांनी समितीपुढे येऊन सांगितले. जाळीचा वापर थांबवा, झालेल्या त्रासाची नोंद सक्तीची करा आणि शस्त्रक्रियेआधी बाईला धोके नीट समजावून सांगा, असे त्यांचे म्हणणे होते.

इथे हद्दीचा प्रश्न आलाच. वैद्यकीय साधनांना परवानगी देणे हे लंडनच्या हातात. एडिंबऱ्याला जाळीवर कायद्याने बंदी घालता येईना. पण दवाखाने तर त्यांचेच! म्हणून मंत्र्यांनी २०१४ सालीच दवाखान्यांना या शस्त्रक्रिया थांबवण्याची विनंती केली. तरी काही ठिकाणी त्या चालूच राहिल्या. चौकशी झाली; तिच्या अहवालावरही वाद झाला. समितीने मात्र अर्ज बासनात बांधला नाही. अखेर सप्टेंबर २०१८ मध्ये सरकारने हा वापर थांबवला. ज्यांनी पदरचे पैसे खर्चून जाळी काढून घेतली, त्यांना ते परत मिळावेत म्हणून २०२२ साली कायदाही झाला.

आठ वर्षे गेली. दुखण्याने पिचलेल्या माणसाला आठ वर्षे म्हणजे थोडी नव्हेत. समित्यांत दोषही आहेत. सभासद आपल्या पक्षाचा डोळा पाहून बोलतात, अशी टीका होते. मंत्री वगळता उरलेल्या सभासदांवर कामाचा बोजाही फार पडतो. हे सारे खरे. पण अर्ज ऐकणारी खोलीच नसती, तर त्या बायकांचे बोलणे दवाखान्याच्या दारातच विरले असते, नाही का?

शिक्षक बंधुभगिनींनो, नागरिकशास्त्राच्या तासाला आपण मुलांना सभागृहे आणि सभासदांचे आकडे पाठ करून घेतो. त्यासोबत समितीचे कामही सांगावे. आपल्या महाराष्ट्राच्या विधानमंडळातही विनंती अर्ज समिती आहे, हे किती मुलांना ठाऊक असते? एकदा वर्गातच समिती भरवून पाहा. गावच्या पाण्याचा किंवा रस्त्याचा प्रश्न घ्या. दोघांनी साक्ष द्यावी, चौघांनी प्रश्न विचारावेत, एकाने लिहून घ्यावे. मत देण्याइतकेच नीट विचारणे आणि नीट ऐकून घेणे हेही लोकशाहीचेच काम आहे, हे मुलांना आपोआप उमगेल.