विश्लेषण : एचआयव्ही चाचणी निगेटिव्ह, तरी मनातील भीती का जात नाही?

समजा, छावणीत राहणारा आणि वाळूजच्या कंपनीत नोकरी करणारा २७ वर्षांचा एक तरुण आहे. सात महिन्यांपूर्वी त्याचा एकदा असुरक्षित शरीरसंबंध आला. सहा आठवड्यांनी त्याने एचआयव्हीची चाचणी केली. निगेटिव्ह. तीन महिन्यांनी पुन्हा केली. निगेटिव्ह. त्यानंतर वेगवेगळ्या खासगी लॅबमध्ये आणखी तीन चाचण्या झाल्या. सगळ्या निगेटिव्ह. तरीही गुरुवारच्या बाजारात कोणी सहज ‘बारीक झालास रे’ म्हटले, की त्याची त्या रात्रीची झोप उडते. घरात लग्नाची बोलणी सुरू आहेत आणि तो स्थळे टाळतो आहे. कारण कोणालाच सांगता येत नाही.

हा तरुण काल्पनिक आहे, पण ही अवस्था काल्पनिक नाही. चाचणीने उत्तर दिलेले असते, मनाला मात्र ते पटत नाही. असे का होते आणि त्यातून बाहेर कसे पडायचे?

निगेटिव्ह रिपोर्ट पक्का कधी मानायचा?

आधी शंकेतला खरा भाग बाजूला काढू. विषाणू शरीरात शिरल्यापासून तो चाचणीत दिसेपर्यंतच्या काळाला ‘विंडो पीरियड’ म्हणतात. तो चाचणीच्या प्रकारानुसार बदलतो. शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये होणारी चौथ्या पिढीची चाचणी विषाणूचे पी-२४ हे प्रथिन आणि शरीराने तयार केलेल्या अँटीबॉडी, असे दोन्ही शोधते. तिला साधारण १८ ते ४५ दिवस लागतात. फक्त अँटीबॉडी शोधणाऱ्या चाचणीला २३ ते ९० दिवस लागतात. विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी महागडी चाचणी १० ते ३३ दिवसांत संसर्ग पकडू शकते.

म्हणजे घटनेनंतर आठवड्याभरात केलेली चाचणी निगेटिव्ह आली, तर ती पुन्हा करणे योग्यच. पण ९० दिवस उलटल्यावर केलेली चाचणी निगेटिव्ह असेल आणि मधल्या काळात नव्याने धोका पत्करलेला नसेल, तर विषय संपला. सहाव्या किंवा दहाव्या महिन्यात निकाल बदलेल, या भीतीला आधार नाही. घटनेनंतर प्रतिबंधक औषधे घेतली असतील किंवा प्रतिकारशक्तीवर परिणाम करणारा दुसरा गंभीर आजार असेल, तर शेवटची चाचणी कधी करायची ते डॉक्टर ठरवतील.

ही प्रतिबंधक औषधे धोक्याच्या घटनेनंतर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. त्यामुळे घटना कालपरवाची असेल, तर हा लेख पुढे वाचण्याआधी रुग्णालय गाठा.

‘एकाच किटवर तपासले’, मग चूक झाली असेल तर?

ही शंका अनेकांना छळते. सरकारी केंद्रात पॉझिटिव्ह निदान करण्यासाठी तीन वेगवेगळ्या किटचा वापर होतो. निगेटिव्ह मात्र पहिल्याच किटवर सांगितले जाते. यात हलगर्जीपणा नाही. पहिले किट मुद्दाम अतिसंवेदनशील निवडलेले असते. संसर्ग असेल तर तो सुटू नये, हेच त्याचे काम. जरा शंका आली तरी ते ‘आहे’ म्हणते. त्यामुळे त्याच्या ‘आहे’ची फेरतपासणी करावी लागते. विंडो पीरियड संपल्यावर त्याने ‘नाही’ म्हटले, तर ते पुरेसे असते.

मग अंगावर दिसणारी लक्षणे कुठून येतात?

एचआयव्हीची बाधा झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत काहींना ताप, घसादुखी, पुरळ, गाठी सुजणे असा त्रास होतो. हीच लक्षणे साध्या व्हायरल तापातही दिसतात. काहींना तर कोणतेच लक्षण जाणवत नाही. म्हणून लक्षणांवरून एचआयव्ही आहे किंवा नाही, हे ठरत नाही. ते चाचणीच सांगते.

चिंतेचीही स्वतःची लक्षणे असतात. तोंडाला कोरड पडते, घाम येतो, छातीत धडधडते, पोट बिघडते, हातापायांना मुंग्या येतात. झोप आणि भूक कमी झाली की वजनही उतरते. त्यात मानेतली गाठ दिवसातून वीस वेळा चाचपली, तर ती जागा दुखू लागते. मग ‘दुखतेय म्हणजे काहीतरी आहेच’ असे वाटते. लक्षणे खोटी नसतात. फक्त त्यांचे कारण वेगळे असते.

पुन्हा पुन्हा चाचणी केल्याने भीती वाढते कशी?

घराला कुलूप लावून निघालेला माणूस कोपऱ्यावरून परत येतो आणि कुलूप ओढून पाहतो. एकदा पाहिले तर ती खबरदारी. दहाव्यांदा पाहतो तेव्हा कुलूप तेच असते, पण आपल्या आठवणीवरचा विश्वास कमी झालेला असतो.

हेलन नव्हे, हिलरी वॉरविक आणि पॉल सॅल्कोव्हस्कीस या ब्रिटिश संशोधकांनी १९८६ मध्ये आरोग्यचिंतेबाबत हेच मांडले. दिलासा मिळाला की भीती तेवढ्यापुरती उतरते. पण मेंदू त्यातून वेगळाच धडा घेतो : ‘चाचणी केली म्हणून सुटलो.’ पुढच्या वेळी शंका आली की तो पुन्हा चाचणीच मागतो. दिलाशाचा परिणाम सुरुवातीला महिनाभर टिकतो, मग आठवडाभर आणि शेवटी लॅबच्या पायऱ्या उतरेपर्यंतच. ‘सॅम्पल बदलले असेल तर?’ हा नवा प्रश्न तयार असतो.

रात्री दोन वाजता मोबाइलवर लक्षणे शोधणे, जिभेचे फोटो काढून कालच्या फोटोशी ताडून पाहणे, मित्राला पुन्हा तेच विचारणे, या सगळ्या त्याच चक्राच्या पायऱ्या आहेत. विंडो पीरियड संपल्यानंतरची प्रत्येक जादा चाचणी हा भीतीवरचा उपाय नसतो. ते भीतीचे खाद्य असते.

मानसोपचारशास्त्रात या अवस्थेला नाव आहे. अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निदानपुस्तिकेत ‘आजारभीतीचा विकार’ स्वतंत्रपणे नोंदवला आहे. गंभीर आजार असल्याची भीती किमान सहा महिने टिकणे, हा त्याचा एक निकष. मात्र मदत घेण्यासाठी सहा महिने थांबायची गरज नाही.

भीती नेमकी एचआयव्हीचीच का?

कारण या आजाराभोवती लाज आहे. भारतात १९८६ मध्ये चेन्नईत एचआयव्हीचे पहिले रुग्ण आढळले. तेव्हा उपचार नव्हते आणि सुरुवातीच्या काळातील प्रचाराने ‘एड्स म्हणजे मरण’ हे समीकरण मनात पक्के बसवले. परिस्थिती बदलली, समीकरण राहिले. भारतात २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटी औषधे मोफत मिळतात. वेळेवर उपचार घेणारी व्यक्ती दीर्घ आयुष्य जगते. औषधांमुळे रक्तातील विषाणू चाचणीत न दिसण्याइतका कमी राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला होत नाही.

दुसरे कारण अपराधी भावना. ‘मी चुकलो, मला शिक्षा होणारच’ असे मन ठरवून बसते आणि रिपोर्टमध्ये ती शिक्षा शोधत राहते. पण रक्ताच्या चाचणीला अपराधाचे उत्तर देता येत नाही. जोडीदाराची फसवणूक झाल्याची टोचणी असेल, लग्नाआधीच्या संबंधांबद्दल घरी कळण्याची भीती असेल, तर तो वेगळा प्रश्न आहे. त्यावर समुपदेशकाशी वेगळे बोलावे लागेल.

यातून बाहेर पडण्यासाठी काय करावे?

• एकच कागद करा. घटनेची तारीख, चाचणीची तारीख, चाचणीचा प्रकार आणि निकाल लिहा. तो समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना एकदा दाखवा आणि ‘आणखी चाचणी हवी का?’ असे स्पष्ट विचारा. ‘नको’ हे उत्तरही त्याच कागदावर लिहून ठेवा.

• चाचणीची किंवा मोबाइलवर शोधण्याची उबळ आली की ‘कधीच नाही’ असे ठरवू नका. ‘अर्ध्या तासाने’ असे ठरवा. उबळ चढते तशी ओसरते. मग अर्ध्या तासाचा एक तास करा, पुढे एक दिवस.

• गाठी चाचपणे, जीभ पाहणे, वजन करणे दिवसातून किती वेळा होते ते मोजा. दर आठवड्याला आकडा कमी करा.

• भीतीशी वाद घालू नका. ‘शंभर टक्के खात्री’ मन कधीच देणार नाही. रस्ता ओलांडतानाही ती नसते, तरी आपण ओलांडतोच.

• भीतीमुळे थांबवलेली कामे पुन्हा सुरू करा. मित्रांना भेटणे, जिम, रजेचे बेत, लग्नाची बोलणी. ‘भीती गेली की करू’ असे म्हटले तर ती जात नाही.

सुरुवातीचे काही दिवस चिंता वाढल्यासारखी वाटेल. ते अपेक्षित आहे.

उपचारांचा उपयोग होतो का?

होतो. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी ‘सीबीटी’ ही समुपदेशनाची पद्धत आरोग्यचिंतेवर प्रभावी ठरली आहे. ब्रिटनमध्ये रुग्णालयांत येणाऱ्या ४४४ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत सीबीटी घेतलेल्या जवळपास दुप्पट रुग्णांची चिंता वर्षभरानंतर सामान्य पातळीवर आली होती. गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञ औषधेही देतात.

घरच्यांनी, मित्रांनी काय करावे?

‘काही नाही रे, वेड लागलंय तुला’ म्हणू नका. रोज नव्याने समजूतही घालू नका. एकदा नीट उत्तर द्या. पुढच्या वेळी ‘तुला भीती वाटतेय हे दिसतंय, पण याचं उत्तर आपण परवाच पाहिलंय. चल, जरा चालून येऊ’ एवढे पुरे.

शहरात मदत कुठे मिळेल?

घाटी रुग्णालय आणि चिकलठाणा येथील जिल्हा सामान्य रुग्णालय या दोन्ही ठिकाणी एचआयव्ही समुपदेशन व चाचणीची मोफत सोय आहे. चाचणीनंतरचे समुपदेशन हा तुमचा हक्क आहे, रिपोर्ट निगेटिव्ह असला तरीही. रिपोर्ट हातात आला की लगेच उठून जाऊ नका, शंका तिथेच विचारा. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि माहिती गोपनीय ठेवावी लागते. नोकरी देण्यासाठी ही चाचणी सक्तीची करता येत नाही.

एचआयव्हीविषयीच्या शंकांसाठी १०९७ ही राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे. मनाच्या त्रासासाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो. घाटीतील मनोविकार विभागातही दाखवता येते. झोप, जेवण, काम बिघडले असेल तर उशीर नको. जगणे नको असे विचार येत असतील तर आजच, आत्ताच फोन करा आणि जवळच्या माणसाला सांगा.

त्या तरुणाकडे पाच निगेटिव्ह रिपोर्ट आहेत. त्याला सहावा नको आहे. त्याला हवे आहे एक समोरासमोरचे बोलणे, जिथे तो पहिल्यांदाच रक्ताबद्दल न बोलता भीतीबद्दल बोलेल.