संगीतवादक यंत्रातील साठवणीचा प्रश्न : पालघर–बोईसर परिसराच्या संदर्भात

पालघर किंवा बोईसर येथील एखाद्या मध्यमवर्गीय घरात संगीत ऐकण्याची साधने कोणती आहेत ह्याची मोजदाद केली, तर कपाटातील कॅसेटी, त्यानंतर घेतलेल्या सीडी, संगणकात उतरवून ठेवलेली गाणी आणि हातातील मोबाइल अशी निरनिराळ्या काळांतील साधने एकत्र नांदत असल्याचे आढळेल. ह्या सर्वांतील संगीत एका ठिकाणाहून दिवाणखान्यातील स्पीकरवर ऐकविणारे जे यंत्र अलीकडे घरोघर येऊ लागले आहे, त्यास म्यूझिक स्ट्रीमर असे म्हणतात. हे यंत्र इंटरनेटवरील सेवांकडूनही गाणी आणते व घरात साठविलेली गाणीही वाजवते. ते घेताना पहिला प्रश्न असा उद्भवतो की, गाणी साठविण्याची सोय यंत्राच्या पोटातच असावी, की ती यंत्राबाहेर, स्वतंत्र डिस्कवर असावी? विक्रेते हा प्रश्न सोयीचा म्हणून मांडतात. वास्तविक तो मालकीचा आणि जतनाचा प्रश्न आहे, आणि ह्या जिल्ह्यात तर तो विशेषच तसा आहे.

ह्याचे कारण घरातील संगीताच्या स्वरूपात आहे. सिनेसंगीत, नाट्यसंगीत, भावगीते, अभंग ह्यांचा फार मोठा भाग आज कोणत्याही सेवेवर मिळतो. तो हरवला तरी पुन्हा मिळविता येतो. परंतु वारली लग्नात धवलेरीने गायिलेली गीते, तारप्यावरील नाचाचे वादन, मांगेला किंवा वाडवळ घरातील आजीने म्हटलेल्या लग्नगीतांची कॅसेट, गावच्या भजनी मंडळाने सप्ताहात केलेले गायन, ह्यांची ध्वनिमुद्रणे बहुधा एकाच घरात आणि एकाच प्रतीत असतात. तारापूरच्या अणुवीज केंद्रातील पहिल्या दोन संचांनी १९६९ मध्ये काम सुरू केले. पुढे औद्योगिक वसाहत वाढत गेली आणि देशाच्या नाना प्रांतांतील कुटुंबे बोईसरास आली. त्या कुटुंबांनी आपापल्या गावांहून आणलेली ध्वनिमुद्रणेही ह्याच वर्गात पडतात. भाषाभ्यासकाच्या घरी तर क्षेत्रकार्यातील मुद्रणे आणि घरची गाणी पुष्कळदा एकाच डिस्कवर असतात. हे योग्य नव्हे, पण वस्तुस्थिती तशी आहे खरी. तेव्हा पुन्हा मिळण्याजोगे आणि पुन्हा न मिळण्याजोगे असे संगीताचे दोन वर्ग प्रथम वेगळे केले, म्हणजे साठवणीचा विचार पुष्कळ सुकर होतो.

अंतर्गत साठवणीचे आपल्याकडील सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे सारेगामा कंपनीने २०१७ मध्ये बाजारात आणलेला 'कारवाँ'. हा इंटरनेटवरून गाणी आणणारा स्ट्रीमर नव्हे. परंतु साठवणीचा मुद्दा त्यावरून चांगला उकलतो. ह्या पेटीत पाच हजार गाणी आधीच भरलेली असतात. तिची मराठी आवृत्तीही पुढे निघाली. वृद्ध माणसांना ह्या पेटीने जो आनंद दिला तो नाकारण्याचे कारण नाही. मात्र पेटीतील गाणी ग्राहकास बाहेर काढता येत नाहीत, आणि स्वतःचे एखादे गीत ऐकावयाचे तर ते पेन ड्राइव्हवर घालून बाजूच्या खाचेत लावावे लागते. म्हणजे बाहेरून आलेले संगीत पेटीच्या आत आणि घरचे संगीत पेटीच्या बाहेर, अशी वाटणी त्या यंत्राने आपोआपच करून टाकली आहे. ती वाटणी शहाणपणाची आहे असेच म्हणावे लागेल.

महागड्या यंत्रांत ही वाटणी पुसली जाते. सोनी कंपनीच्या २०१३ मधील एका वादकात एक टेराबाइटची हार्ड डिस्क आतच बसविलेली होती; अशी इतरही यंत्रे आहेत, व त्यांतील काही सीडी घातली की तिची प्रत स्वतःच करून घेतात. तारांचे जंजाळ नाही, घरात राउटर बंद असला तरी अडत नाही, सूची लवकर तयार होते. हे लाभ खरेच आहेत. परंतु आतील डिस्कवरील मांडणी पुष्कळदा लिनक्स पद्धतीची असते. यंत्र बिघडल्यावर ती डिस्क काढून विंडोजच्या संगणकास जोडली, तर संगणक ती वाचू शकत नाही आणि उलट 'फॉरमॅट करावयाची काय?' असे विचारतो. घाईत 'होय' म्हणणाऱ्याचे सर्वच जाते. शिवाय यंत्र दुरुस्तीस पाठवावयाचे म्हणजे आतील मुद्रणांसह पाठवावयाचे, आणि दुरुस्त करणारा प्रथम डिस्क कोरी करील किंवा ती बदलूनच टाकील, हा धोका राहतो.

बाह्य साठवणीचे दोन प्रकार आहेत. एकात यूएसबीची डिस्क सरळ वादकास जोडतात. दुसऱ्यात राउटरला जोडलेली स्वतंत्र साठवणपेटी असते व वादक तिच्यातून नेटवर्कवरून गाणी घेतो. पहिला प्रकार स्वस्त व सोपा. त्यात एकच तांत्रिक अडचण वारंवार येते. यूएसबीच्या जुन्या खाचेतून ५०० मिलिअँपिअर इतकाच प्रवाह मिळावा असे मानक आहे, आणि फिरणाऱ्या डिस्कला आरंभी त्याहून अधिक लागतो. म्हणून डिस्क मधूनच बंद पडते व दोष मात्र डिस्कला दिला जातो. स्वतंत्र वीजपुरवठा असलेली डिस्क किंवा एसएसडी घेतली की हा प्रश्न मिटतो. दुसरा प्रकार अनेक खोल्यांत ऐकावयाचे असल्यास उत्तम. पण त्यात यंत्रांनी एकमेकांशी बोलण्याची रीत, म्हणजे प्रोटोकॉल, जुळावी लागते. फाइली वाटून घेण्याचा एसएमबी हा प्रोटोकॉल पहिल्या आवृत्तीत असुरक्षित ठरला. २०१७ मधील 'वॉनाक्राय' हल्ला त्यातील त्रुटीचाच फायदा घेऊन झाला, आणि नव्या प्रणालींनी ती आवृत्ती बंद ठेवण्यास आरंभ केला. परिणामी केवळ ती जुनी बोलीच जाणणारे वादक नव्या साठवणपेट्यांपुढे मुके झाले. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास ह्यात काही नवल वाटू नये.

यंत्र आणि साठवण वेगळी ठेवल्याने काय साधते हे 'स्क्वीझबॉक्स' ह्या वादकाच्या इतिहासावरून स्पष्ट होते. लॉजिटेक कंपनीने २००६ मध्ये हा उद्योग विकत घेतला, पुढे २०१२ मध्ये ते वादक बनविणे थांबविले, आणि २०२४ मध्ये त्यांची इंटरनेटवरील सेवाही बंद केली. तरीही ज्यांची गाणी स्वतःच्या डिस्कवर होती आणि जे स्वतःच्या संगणकावर मुक्त सर्व्हर चालवीत होते, त्यांचे वादक वाजतच राहिले. ह्याच्या उलट, सेवेवर सर्वस्वी विसंबणाऱ्यांचा अनुभव आहे. भारतात 'विंक म्यूझिक' ही सेवा २०२४ मध्ये बंद झाली. आणि 'मायस्पेस' ह्या संकेतस्थळाने २०१९ मध्ये असे मान्य केले की, २०१५ पर्यंत लोकांनी तेथे ठेवलेले संगीत सर्व्हर बदलताना नष्ट झाले. त्यांतील कित्येक गायकांपाशी दुसरी प्रत नसावी.

किती जागा लागेल, ह्याचा हिशेब सोपा आहे. सीडीच्या दर्जाचे ध्वनिमुद्रण सेकंदास १,७६,४०० बाइट घेते. म्हणजे एका तासास सुमारे ६३५ मेगाबाइट. फ्लॅक ह्या पद्धतीने, काहीही न गमावता, ते बहुधा निम्म्याच्या आसपास येते. जुनी कॅसेट जतनासाठी उतरवावयाची असल्यास ९६ किलोहर्ट्झ व २४ बिट हे प्रमाण इष्ट मानतात. त्यात तासास दोन गिगाबाइटहून थोडे अधिक लागतात. एका टेराबाइटच्या डिस्कवर असे सुमारे ४८० तास मावतात. कोणत्याही घरच्या कॅसेटी त्याहून अधिक क्वचितच निघतील. एमपी३ ऐकण्यास पुरेशी आहे, परंतु मूळ प्रत तीत ठेवू नये. कमी दराच्या एमपी३ मध्ये वरच्या कंप्रता कापल्या जातात, आणि दंत्य व तालव्य 'च' ह्यांतील घर्षणाचे मापन उद्या कोणी करू म्हणेल तर त्यास विश्वसनीय आधार उरत नाही.

परंतु साठवणीचा जो भाग विक्रेत्याच्या आणि ग्राहकाच्याही सहसा ध्यानात येत नाही, तो नावांचा आहे. हजारो फाइलींतून हवे ते गीत सापडले नाही, तर ते असून नसल्यासारखेच. देवनागरीत लिहिलेल्या नावांबाबत वादकांची वर्तणूक फार विषम आहे. 'तऱ्हा' ह्या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये एकाहून अधिक रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह वापरतात, दुसरीत साध्या 'र'ला नुक्ता जोडतात, तिसरीत साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह येते. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात. पहिल्या दोहोंची समानता युनिकोडने नियमाने मान्य केली आहे, तिसऱ्याची केलेली नाही. आणि पुष्कळ वादक पहिलीही पाळीत नाहीत. त्यामुळे 'कऱ्हा' शोधणाऱ्यास 'कऱ्हा' सापडत नाही. 'ॲ' हे अक्षर स्वतंत्र चिन्ह म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आले; तत्पूर्वीच्या फाइलींत ते 'अ' आणि चंद्र असे जोडून लिहिलेले असते, व नियमानुसारही ही दोन रूपे समान मानली जात नाहीत. वर्णक्रमाचीही तीच गत. मराठी वर्णमालेत 'ळ' हा 'ह'नंतर येतो, पण केवळ संकेतक्रमांकावर चालणारा वादक त्यास 'ल'च्या लगेच पुढे बसवितो. युनिकोडपूर्व फॉन्टांत लिहिलेली नावे तर रोमन अक्षरांची निरर्थक रांग म्हणूनच दिसतात.

नाव कोठे साठविले जाते हेही पाहिले पाहिजे. एमपी३ मधील सर्वांत जुन्या माहितीपट्टीत शीर्षकास तीसच बाइट मिळत व देवनागरीची व्यवस्थाच नव्हती. देवनागरीचे एक अक्षर आज प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. फ्लॅकमध्ये आरंभापासून यूटीएफ-८ आहे, हा त्याच्या बाजूचा मोठा मुद्दा. येथे अंतर्गत साठवणीचा आणखी एक दोष दिसून येतो. काही यंत्रांत वापरणाऱ्याने केलेल्या दुरुस्त्या फाइलीत न लिहिता यंत्राच्या स्वतःच्या सूचीत लिहिल्या जातात. वर्षभर खपून नावे सुधारावी, आणि यंत्रासोबत ती सर्व जावी, असे त्यात घडते. नावे संगणकावर फाइलीतच सुधारून मग डिस्क वादकास जोडणे, हाच मार्ग निर्धोक होय.

ह्या जिल्ह्यातील मुद्रणांना नावे देताना आणखी एक विवेक लागतो. वादकाच्या सूचीतील 'कलाकार' व 'अल्बम' हे रकाने बाजारातील ध्वनिमुद्रिकांसाठी केलेले आहेत. धवलेरीच्या गीताला अल्बम नाही, आणि 'कलाकार' म्हणून 'वारली' असे लिहिणे म्हणजे गाणाऱ्या बाईचे नाव पुसणे होय. तिची संमती असल्यास तिचे नाव, गाव, तालुका, प्रसंग, भाषा आणि तारीख ह्या गोष्टी 'टिप्पणी'च्या रकान्यात तरी असाव्यात. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झाला. त्याआधीच्या मुद्रणांवर 'जि. ठाणे' असेच असते. अ. मा. घाटगे ह्यांच्या बोलीसर्वेक्षणातील वारलीवरील पुस्तकाच्या नावातही ठाणेच आहे. जुना उल्लेख खोडू नये, नवा शेजारी लिहावा.

समुद्रालगतच्या हवेचाही विचार करावयास हवा. चिंचणी–तारापूरच्या किनाऱ्याजवळ दमट, खारट वाऱ्याने धातूचे जोड गंजतात आणि पावसाळ्यात कॅसेटींच्या फितीवर बुरशी धरते. म्हणून कॅसेटी उतरविण्याचे काम यंत्रखरेदीच्या आधी व्हावे. लिहिण्याचे काम चालू असता वीज गेली तर डिस्कवरील मांडणी बिघडू शकते. लहानसा यूपीएस पुरेसा होतो. वादकास जोडलेली डिस्क ही ऐकण्याची प्रत समजावी. दुसरी डिस्क दुसऱ्या घरी असावी. बोईसरच्या कुटुंबाची पालघरच्या नातलगांकडे राहिली, तर उमरोळी हे एकच स्थानक मध्ये आहे, आणि दिवाळीस जाताना ती अद्ययावत करता येते. पण वादळ आले तर ते दोन्ही गावी येईल, म्हणून अनन्य मुद्रणांची तिसरी प्रत जिल्ह्याबाहेर हवी. एसएसडी वर्षानुवर्षे विजेविना कपाटात ठेवू नये, तिच्यातील विद्युत्‌भार हळूहळू ओसरतो. कपाटातील प्रतीस फिरणारी डिस्क बरी. साठवणपेटीत दोन डिस्का एकमेकींचे प्रतिबिंब ठेवीत असल्या तरी चुकून पुसलेली फाइल दोहोंतूनही त्याच क्षणी जाते, ह्यास्तव त्या व्यवस्थेस दुसरी प्रत म्हणता येत नाही. जात्यावरील ओव्यांचा जो संग्रह गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर ह्यांनी जमविला, त्याची ध्वनिमुद्रणे गुरुग्राम येथील संगीत-अभिलेखागारात ठेवली गेली, आणि २०१७ पासून त्या ओव्या 'परी'च्या संकेतस्थळावरून सर्वांना ऐकावयास मिळू लागल्या. संग्राहकांच्या घरी एकच प्रत असती, तर पुढची गोष्ट निराळी झाली असती.

ज्या घरात केवळ सेवांवरील आणि सीडींवरील संगीत ऐकले जाते, त्यांनी अंतर्गत डिस्कचा वादक खुशाल घ्यावा. तेथे हानी झाली तर ती वेळेची. ज्यांच्या घरी एक तरी न मिळणारी कॅसेट आहे, त्यांनी मात्र बाह्य साठवणीचाच घ्यावा. दुकानात जाताना एका पेन ड्राइव्हवर तीन फाइली न्याव्यात. पहिलीचे नाव 'तऱ्हा' असे दोन रीतींनी लिहून तिच्या दोन प्रती कराव्यात, दुसरीच्या नावात 'ॲ' आणि 'ळ' असावेत, आणि तिसरी चार गिगाबाइटहून मोठी, रात्रभर चाललेल्या गायनाची अखंड फ्लॅक फाइल असावी. फॅट-३२ मांडणीत एवढी मोठी फाइल मावतच नाही, म्हणून पेन ड्राइव्ह एक्सफॅट मांडणीचा घ्यावा, आणि वादकास ती मांडणी वाचता येते की नाही हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.