खाडींतले नकलनवीस

माजिवड्यास आमचें बिऱ्हाड. ठाण्याची खाडी तेथून दूर नाहीं. ओहोटीच्या वेळीं चिखलांतून बुडबुडे निघतांना वाचकांनीं पाहिले असतील. त्यांतला मिथेन वायु ज्या सूक्ष्म जीवांची करणी, ते ‘आर्किया’ कुळांतले. १८९७ सालीं माटुंग्याच्या कुष्ठाश्रमांत मैल्यापासून वायु काढून वापरला, तोही त्यांचाच प्रसाद. ते जीवाणूंहून निराळे, हें कार्ल वूस व जॉर्ज फॉक्स यांनीं १९७७ सालीं अमेरिकेंत दाखविलें. आम्हीं मात्र पुढेंही कित्येक वर्षें वर्गांत दोहोंस एकाच माळेंत ओवीत होतों.

परवां आमच्या नातीनें विचारलें, “आजोबा, आर्कियांत जनुकाची नक्कल कोठून सुरू करायची, हें कोण ठरवतं?” आम्हीं निरुत्तर झालों, आणि दोन रात्री तिचेंच पुस्तक घेऊन बसलों.

शब्द न तोडतां लिहिलेली पोथी ज्यांनीं हाताळली आहे, त्यांस ही अडचण लवकर समजेल. डीएनएची पोथी अवघ्या चार अक्षरांची, आणि तींत मध्येंच कोठें तरी हवा तो मजकूर. नक्कल उतरविणारा लेखक म्हणजे आरएनए पॉलिमरेज. पण आर्कियांतल्या या लेखकास आरंभस्थान स्वतः ओळखतां येत नाहीं. आरंभाच्या सुमारें २५ अक्षरें अलीकडे ‘टाटा’ नांवाची खूण असते. टीबीपी हें प्रथिन घोड्यावरील खोगिरासारखें तिच्यावर बसतें व धागा चांगलाच वांकवितें. मग टीएफबी येतें. तें टीबीपीस धरतें, शेजारचीं अक्षरें चांचपतें आणि नक्कल कोणत्या दिशेस चालावयाची तें ठरवितें. लेखकास आणून बसविणेंही त्याचेंच काम. टीएफई हें तिसरें, धाग्याचे दोन पदर उलगडण्यास हातभार लावतें.

जीवाणूंची रीत वेगळी. तेथें सिग्मा नांवाचें प्रथिन लेखकाशींच जोडलेलें असतें व तेंच खूण ओळखतें. उलट, टीबीपी तुमच्याआमच्या पेशींतही आहे, आणि टीएफबीचा जोडीदारही. आमच्याकडे मदतनिसांचा गोतावळा मोठा, एवढेंच. म्हणजे ज्यांस आम्हीं जीवाणूंच्या पंगतीस बसविलें, ते या कामीं आमचेच भाऊबंद निघाले!

“टाटा खूण म्हणजे पोथीचें ‘श्रीगणेशाय नमः’,” असें आम्हीं नातीस ऐटींत सांगितलें. ती म्हणाली, “पण आजोबा, तें तर नकलेंत उतरतं. ही खूण उतरत नाहीं.”

खरेंच होतें. आम्हीं जुनी पाठटांचणाची वही काढली, आणि तें पान शोधून त्यावर काट मारली.